ठाणे-नवी मुंबईत स्टेक खायला जाताना: टेबल बुक करण्यापासून बिलापर्यंत

घोडबंदर रोड आणि हिरानंदानी, तिकडे वाशी, सीवूड्स, बेलापूर. मंद दिवे, जाड नॅपकिन आणि मेन्यूच्या मधल्या पानावर स्टेक, अशी रेस्टॉरंट आता या पट्ट्यातही मिळतात, शिवाय मोठ्या हॉटेलांमधली ग्रिल आहेतच. दोघांचं बिल सहज काही हजारांत जातं. तरीही बरेच जण 'चिवट होतं' किंवा 'कच्चं होतं' म्हणत बाहेर पडतात. कारण बहुतेकदा एकच असतं: व्हिडिओत बघितलेला अमेरिकन स्टेक डोक्यात ठेवून ऑर्डर दिलेली असते आणि ताटात आलेलं मांस वेगळ्याच जनावराचं असतं. ते कोणतं आणि शिजताना कसं वागतं हे कळलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

ताटात नक्की काय येतं

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली आणि २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. गोमांसाच्या आयातीलाही देशात परवानगी नाही. त्यामुळे इथल्या कायदेशीर स्टेकहाउसमध्ये 'टेंडरलॉइन स्टेक' म्हणून जे मिळतं ते म्हशीचं मांस असतं. काही मेन्यूंवर 'बफ' असं स्पष्ट लिहितात, काहींवर नुसतं 'टेंडरलॉइन' असतं. ज्यांना खायचं आहे त्यांनी आणि ज्यांना अजिबात चालत नाही त्यांनीही कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्याला, सरळ विचारावं. त्यात अवघडण्यासारखं काही नाही, त्याला हा प्रश्न रोजचाच आहे. 'वाग्यू' किंवा 'अँगस' (या परदेशी गाई-बैलांच्या जाती) असं लिहिलेलं दिसलं तर मांस कुठून येतं तेही विचारा. उत्तर गोलमोल आलं तर त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

टेंडरलॉइनला आपल्याकडचे खाटीक 'अंडरकट' म्हणतात. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूने जाणारा हा लांबट स्नायू असतो. जनावर चालताना त्याला फारसं काम नसतं, म्हणून तो मऊ राहतो. इथल्या मेन्यूंवर टेंडरलॉइन सोडून दुसरा कट क्वचित दिसतो, कारण म्हशी बहुतेकदा दूध आटल्यावर, म्हणजे वय झाल्यावर कत्तलीला जातात. त्यांच्या पायाचं आणि मानेचं मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवलं तरच खाण्याजोगं होतं, दहा मिनिटांच्या ग्रिलवर ते चामडं होतं. म्हणून मेन्यूवर नुसतं 'ग्रिल्ड स्टेक' लिहिलं असेल तर 'अंडरकटच आहे ना?' हा प्रश्न विचारायलाच हवा.

रिबआय (बरगड्यांजवळचा भाग), स्ट्रिपलॉइन (कण्याच्या वरच्या बाजूचा भाग), टी-बोन, पोर्टरहाउस ही कटांची नावं अमेरिकेतल्या स्टेकहाउसची. टी-बोन आणि पोर्टरहाउसमध्ये हाडाच्या एका बाजूला स्ट्रिपलॉइन आणि दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन असतं. तिथल्या सरकारी नियमानुसार टेंडरलॉइनची बाजू किमान सव्वा इंच रुंद असेल तरच पोर्टरहाउस म्हणता येतं, टी-बोनला अर्धा इंच पुरतो. परदेशी गेलात तर ही माहिती कामाला येईल. तिकडच्या रिबआयमध्ये मांसाच्या आत चरबीचं जाळं असतं, ती वितळते आणि स्टेक थोडा जास्त शिजला तरी सांभाळून घेते. म्हशीच्या अंडरकटमध्ये अशी चरबी जवळपास नसतेच. योग्य बिंदूच्या पुढे दोन-तीन मिनिटं गेली की रस निघून जातो आणि परत येत नाही. मोठा फरक हाच.

बुकिंगच्या फोनवर काय विचारायचं

ॲपवरून टेबल मिळतं, पण अशा ठिकाणी एक फोन जास्त उपयोगाचा. कच्च्या मांसाचं वजन किती आणि स्टेक किती जाड कापतात, हे विचारा. २०० ग्रॅमचा मधला तुकडा साधारण ४ सेंटिमीटर जाड असेल तर बाहेर खरपूस आणि आत रसाळ हे जमतं. २ सेंटिमीटरचा पातळ तुकडा बाहेरून खरपूस होईपर्यंत आतून पूर्ण शिजून जातो, मग स्वयंपाकी कितीही चांगला असो. वजन नेहमी कच्च्याचं लिहितात. शिजताना पाव भाग सहज कमी होतो, त्यामुळे २०० ग्रॅमचा स्टेक ताटात दीडशेच्या आसपास भरला तर ती फसवणूक नव्हे.

बरोबर शाकाहारी मंडळी असतील तर त्यांच्यासाठी वेगळं ग्रिल किंवा वेगळा तवा आहे का ते आधीच विचारा. टेबलवर बसल्यावर हा प्रश्न आला की किचन 'हो' म्हणतं आणि तवा पुसून घेतं. जैन जेवण हवं असेल तर आदल्या दिवशीच सांगावं, कारण स्टेकहाउसच्या शाकाहारी बाजूचा सगळा डोलारा बटाटा, कांदा आणि लसूण यांवरच उभा असतो.

वार बघून जा. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यांपैकी एखादा वार बऱ्याच मराठी घरांत पाळतात, कुठे संकष्टी असते. त्यामुळे सगळ्यांना जमणारा दिवस बुधवार, शुक्रवार किंवा रविवारच उरतो, आणि त्याच दिवशी रात्री साडेआठ ते दहा टेबल मिळत नाही. सात-सव्वासातचं टेबल घ्या. किचनवर ताण कमी असतो, आणि स्टेक हा पदार्थ स्वयंपाक्याच्या लक्षावर जगतो. काही सणांना महापालिकेच्या आदेशाने कत्तलखाने बंद असतात. त्या आसपासच्या दिवसांत मांस ताजं आहे की फ्रोजन, हे विचारून घेतलेलं बरं. शुक्रवारी संध्याकाळी घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडने येणार असाल तर अर्धा तास हाताशी ठेवा, अनेक ठिकाणी टेबल पंधरा-वीस मिनिटंच धरून ठेवतात.

कपड्यांचं फार टेन्शन नको. बंद बूट, पूर्ण पँट, नीट शर्ट किंवा कुर्ता पुरतो, साडी किंवा ड्रेस अर्थातच चालतो. अडवतात ते हाफ पँट आणि रबरी चपलांना, तेही सगळीकडे नाही.

किती शिजवायचं

कॅप्टन विचारेल, 'हाउ वुड यू लाइक इट डन?' इथे पाच उत्तरं असतात. स्टेकच्या मध्यभागी थर्मामीटर टोचला तर तापमान साधारण असं येतं: रेअर ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, मीडियम रेअर ५४ ते ५७, मीडियम ६० ते ६३, मीडियम वेल ६५ ते ६९ आणि ७१ च्या पुढे वेल डन. रेअर आतून लाल आणि जेमतेम कोमट असतं, मीडियम गुलाबी आणि गरम, वेल डन सगळीकडे करडं.

म्हशीच्या अंडरकटसाठी मीडियम रेअर ते मीडियम ही पट्टी उत्तम. पहिल्यांदा खाणाऱ्याने मीडियम सांगावं. मीडियम वेलपर्यंत एखादा चांगला स्वयंपाकी सांभाळून नेतो. वेल डन मात्र या मांसावर अन्याय आहे. तेवढंच शिजलेलं हवं असेल तर लॅम्ब शँक किंवा पोर्क रिब्ज मागवा, ते मुळातच पूर्ण शिजवायचे पदार्थ आहेत आणि मऊही लागतात. घरातल्या कोणाला वेल डनच हवं असेल तर 'बटरफ्लाय करून द्या' असं सांगा. स्टेक मधून चिरून पुस्तकासारखा उघडतात, जाडी निम्मी होते, आतपर्यंत लवकर शिजतो आणि बाहेरून जळत नाही. ही साधी सूचना फार कमी लोक देतात.

ताटात सांडणारा लाल रस बघून अनेकांची भूक जाते. ते रक्त नव्हे. रक्त कत्तलीच्या वेळीच बहुतांश निघून जातं. हा रंग मायोग्लोबिन या स्नायूतल्या प्रथिनाचा आणि पाण्याचा. म्हशीच्या मांसात ते भरपूर असतं, म्हणून मुळातच रंग गडद, आणि नुसत्या रंगावरून किती शिजलंय याचा अंदाज चुकतो. दाबून बघा: मीडियम स्टेक सुरीच्या सपाट बाजूने दाबला की दबतो आणि परत वर येतो, वेल डन दबतच नाही.

'आतून गुलाबी मांस सुरक्षित आहे का?' हा प्रश्न रास्त आहे. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तो कडक तापलेल्या ग्रिलवर भाजला जातो. खिमा केला की वरचं सगळं आत मिसळतं, म्हणून बर्गरची पॅटी कधीही गुलाबी खाऊ नये, ती ७१ अंशांपर्यंत शिजलेलीच हवी. सुयांनी टोचून मऊ केलेल्या मांसालाही हीच अडचण आहे. अमेरिकन कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विश्रांती (आचेवरून काढून नुसतं ठेवणं) अशी आहे, म्हणजे आपल्या मीडियमची वरची बाजू. गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी पूर्ण शिजलेलंच खावं.

आता सिझलर. मुंबई-ठाण्यात कित्येकांची स्टेकशी पहिली ओळख सिझलरच्या धुरातच झालेली असते. सिझलर मजेदार पदार्थ आहे, पण लोखंडी तव्यावर मांस तुमच्यासमोरही शिजत राहतं. मीडियम म्हणून आलेला तुकडा पाचेक मिनिटांत वेल डनकडे जातो. स्टेक तापलेल्या तव्यावर किंवा दगडावर आणून देणार असतील तर एक पायरी कमी सांगा, किंवा साध्या गरम प्लेटमध्ये मागा.

बाकीची ऑर्डर

मीडियम स्टेकला भाजणं आणि विश्रांती धरून पंधरा-वीस मिनिटं लागतात, वेल डनला जास्त. टेबलवर एकाचा मीडियम रेअर आणि दुसऱ्याचा वेल डन असेल तर सगळं एकदम आणायला सांगा, म्हणजे किचन त्या हिशोबाने सुरुवात करेल. तोवर ब्रेड आणि बटर येतं. ते मोफत आहे की नाही ते विचारा आणि ते खाऊन पोट भरू नका. दोघांना एक सूप किंवा सॅलड, एक हलकं स्टार्टर, दोन स्टेक आणि एक जादा साइड पुरतं. तंदूरी प्लॅटर मागवून मग स्टेक मागवणारे शेवटी अर्धा स्टेक डब्यात नेतात.

साइडला काय येतं ते वाचा. काही ठिकाणी मॅश्ड पोटॅटो आणि भाज्या स्टेकच्या किमतीत असतात, काही ठिकाणी प्रत्येक वाटीचे वेगळे पैसे. सॉस नेहमी बाजूला वाटीत मागा. ब्लॅक पेपर आणि मशरूम सॉस इथे सर्रास, त्यात क्रीम आणि कॉर्नफ्लोअर बऱ्यापैकी असतं, वर ओतला की भाजलेली खरपूस बाजू दोन मिनिटांत ओली होते. चरबी नसलेल्या अंडरकटला लोण्याचा सॉस शोभतो. बेअर्नेझ मिळत असेल तर जरूर घ्या. तो अंड्याचा बलक आणि लोण्याचा असतो, हे अंडं न खाणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. चिमिचुरी ही पार्सली, लसूण आणि व्हिनेगरची अर्जेंटिनाकडची हिरवी चटणी. ठेच्यावर वाढलेल्या जिभेला ती लगेच पटते.

मटण-बीफ न खाणाऱ्याला चिकन स्टेक मिळेल, तो अर्थात पूर्ण शिजलेलाच हवा. माशात रावस असेल तर तो घ्या. बासा स्टेकहाउसच्या किमतीला घेण्यात अर्थ नाही, त्याला स्वतःची चव फारशी नसते. शाकाहारी माणसाला पनीर स्टेकच्या आधी भाजलेले मोठे मशरूम किंवा फ्लॉवरचा जाड काप आहे का ते विचारा. ग्रिलवर ते पनीरपेक्षा कितीतरी चांगले वागतात.

वाइन घ्यायचीच असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. जाड, तुरट रेड वाइन चरबीदार मांसाबरोबर छान लागते, कारण चरबी तो तुरटपणा बोथट करते. आपल्या अंडरकटबरोबर जरा मऊ, फळांच्या चवीची रेड बरी, नाशिककडच्या शिराझ द्राक्षाच्या वाइनमध्ये अशा मिळतात. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला द्यावी हे थंड देशांतलं गणित आहे. तिचं योग्य तापमान १६ ते १८ अंश, आणि ठाण्यातली खोली एप्रिलमध्ये तिशीच्या वर असते. बाटली कोमट लागली तर दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा. ७५० मिलीलीटरच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास निघतात, तिघांहून कमी असाल तर ग्लासच मागवा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ पूर्ण हवं. गाडी घेऊन आलेल्याने पिऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम आहे आणि ती किती पेयांत ओलांडली जाते याचा अंदाज कोणालाच नीट येत नाही.

प्लेट समोर आल्यावर

आधी मधोमध एकच काप द्या आणि आत बघा. कमी शिजलेला असेल तर लगेच सांगा, किचन तो पुन्हा ग्रिलवर घेईल आणि चार मिनिटांत आणेल. जास्त शिजला असेल तर तो दुरुस्त होत नाही, नवा मागावा लागतो. तो मागण्याचा हक्क पहिल्या दोन घासांपर्यंत चांगला वाटतो, अर्धा संपवल्यावर नाही.

काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. डाव्या हाताने घास घेणं नको वाटत असेल तर तुकडा कापून सुरी प्लेटच्या कडेला ठेवा आणि काटा उजव्या हातात घ्या. अमेरिकेत असंच खातात, कोणी नाव ठेवणार नाही. मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते बघा आणि त्यांना आडवं कापा. धागे तोकडे होतात आणि तोच स्टेक जास्त मऊ लागतो. सगळा स्टेक आधीच कापून ठेवू नका, तुकडे गार पडतात आणि रस सगळा प्लेटमध्ये जातो. एक कापा, एक खा. पहिला घास सॉसशिवाय घ्या, म्हणजे मीठ बरोबर आहे का ते कळतं. खाणं झालं की काटा आणि सुरी प्लेटमध्ये शेजारी-शेजारी समांतर ठेवा. तिरकी फुलीसारखी ठेवली तर वेटर 'अजून चालू आहे' असं समजतो.

चव बिघडली असेल तर कारण ओळखता येतं. प्लेटमध्ये पाण्याचं तळं साचलं असेल तर स्टेक ग्रिलवरून काढून विश्रांती न देता लगेच वाढलाय, नाहीतर मांस फ्रोजन होतं आणि घाईत वितळवलं. बाहेरून काळा आणि मध्यभागी गार असेल तर तो थेट फ्रिजमधून ग्रिलवर गेलाय. वरचा थर दातांना न लागता नुसता पिठूळ, लगदा झालेला वाटला तर कच्ची पपई किंवा मऊ करणारी पूड जास्त वेळ लावून ठेवली होती. हे अंडरकटला करावंच लागत नाही, म्हणून अशा वेळी तुकडा दुसऱ्याच भागाचा असण्याची शंका घ्यायला जागा आहे. कडवट चव बहुतेकदा जळालेल्या लसणाची किंवा मिऱ्याची. ही शेवटची गोष्ट सोडली तर बाकी तिन्ही तक्रारी कॅप्टनपर्यंत न्यायला हरकत नाही, शांतपणे आणि नेमक्या शब्दांत. 'बरोबर नाही' म्हणण्यापेक्षा 'मीडियम सांगितला होता, मधे गार आहे' म्हटलं की काम लवकर होतं.

बिल

मेन्यूवरच्या किमतीत कर बहुधा नसतो. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. म्हणजे ४,००० रुपयांचं जेवण एका ठिकाणी ४,२०० ला आणि दुसऱ्या ठिकाणी ४,७२० ला पडतं. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो आणि तो बिलात वेगळा दिसतो.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की रेस्टॉरंटने तो आपणहून बिलात घालू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. त्याच ४,००० च्या बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर ४०० रुपये वाढतात, त्यावरही जीएसटी लागतो आणि ४,२०० चे ४,६२० होतात. नको असेल तर 'सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या' एवढंच म्हणा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. चार्ज काढून घेतला आणि वाढणाऱ्याने काम चांगलं केलं असेल तर ५ ते १० टक्के टिप रोख त्याच्या हातात द्या. पाण्याच्या बाटलीचेही पैसे लागतात, फिल्टरचं साधं पाणी हवं असेल तर बसल्या बसल्या सांगा, नाहीतर बाटली आपोआप उघडली जाते.

उरलेला स्टेक पॅक करून न्यायला लाजू नका, मात्र सॉस वेगळ्या डबीत भरायला सांगा. घरी पोहोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात तर तासाभराच्या आत. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये तो हमखास चिवट होतो. त्यापेक्षा गारच पातळ आडवे काप करा, तव्यावर लोण्यात भाजलेल्या पावात घाला आणि वर कांदा, मोहरीची चटणी आणि थोडं मीठ.